वाचकांचे प्रश्न : पावतीचा शेवटचा आकडा

मागच्या अंकात माझ्या कामाबद्दल दोनच ओळी छापून आल्या होत्या : संगणक सुरक्षा आणि माहितीच्या गोपनीयतेचं धोरण यांवर संशोधन करते, गाव सांगली. तेवढ्यावर या महिन्यात पिशवीभर पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून पाच निवडली. हे काम मी बावीस वर्षं करते आहे, आधी बंगळूरला आणि २०१९ च्या पुरानंतर इथूनच. पत्रलेखकांची नावं मी छापत नाही, गाव तेवढं देते. एका पत्रातलं गावही काढलं आहे. का, ते त्याच उत्तरात सांगितलं आहे.

ताई, मी बी. टेक. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका पतसंस्थेच्या साइटवर वडिलांच्या कर्जाच्या हप्त्याची पावती काढत होतो. वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी पावती क्रमांक दिसला. सहज शेवटचा आकडा बदलला तर दुसऱ्याच माणसाची पावती उघडली. नाव, मोबाइल, खाते क्रमांक, थकबाकी, सगळं. मित्र म्हणतो, स्क्रिप्ट लिहून सगळ्या पावत्या उतरवून घेऊ आणि संस्थेला दाखवू, म्हणजे काम तरी मिळेल. काय करू? आणि यात करिअर होतं का? (सांगली)

आधी मित्राला आवर. एक पावती उघडली तेव्हाच चूक सिद्ध झाली. पाचशे उतरवून घेतल्या म्हणून ती जास्त सिद्ध होत नाही, फक्त पाचशे कर्जदारांची थकबाकी तुझ्या लॅपटॉपवर येऊन बसते. त्यातला एखादा तुझ्याच गल्लीतला निघाला, तर त्याच्या घरी हप्ता थकलाय हे तू विसरू म्हटलंस तरी विसरणार नाहीस.

झालंय काय ते बघ. वडिलांच्या खात्यानं आत गेलास तेव्हा सर्व्हरनं ‘तू कोण’ हे विचारलं. पावती मागितलीस तेव्हा ‘ही पावती तुझी आहे का’ हे विचारायचं राहून गेलं. परवानगी न तपासण्याच्या या चुका इतक्या सर्रास आहेत, की वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेनं २०२१ मध्ये वेबसाइटच्या धोक्यांची जी यादी काढली तिच्यात त्या पहिल्या नंबरावर आहेत.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरलं किंवा माहिती उतरवून घेतली तर भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवायच्या हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चांगल्या हेतूनं चूक शोधणाऱ्याला त्यात वेगळी सूट लिहिलेली नाही. म्हणून तुझा हेतू तुझ्या वागण्यातूनच दिसायला हवा.

तारीख, वेळ, साइटचा पत्ता आणि काय केल्यावर काय दिसलं, एवढं एका पानावर लिही. त्या दुसऱ्या माणसाचं नाव आणि आकडे काळे कर. ते पान संस्थेच्या व्यवस्थापकाला दे आणि त्याच दिवशी सर्ट-इनलाही पाठव. २००४ पासून चालणारी ही केंद्र सरकारची यंत्रणा आहे आणि अशा चुका कळवून घेणं हे तिचं कामच आहे. पतसंस्था सॉफ्टवेअर स्वतः लिहीत नाही, कुणाकडून तरी विकत घेते. तेच सॉफ्टवेअर आणखी दहा संस्थांत बसवलेलं असू शकतं. दुरुस्ती होईपर्यंत कुठंही वाच्यता करू नकोस, अगदी कॉलेजच्या ग्रुपवरसुद्धा. गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या गटानं दुरुस्तीसाठी ९० दिवस द्यायची रीत पाडली, ती आता बरेच जण पाळतात.

आणि त्या पत्रात पैशाचा किंवा कामाचा शब्द काढू नकोस. मी सव्वीस वर्षांची असताना एका संस्थेला अशीच चूक कळवली होती. शेवटी मोठ्या उत्साहानं लिहिलं, ‘हे दुरुस्त करण्याचं काम मिळाल्यास आनंद होईल.’ आठव्या दिवशी वकिलाची नोटीस आली. ते वाक्य त्यांनी खंडणी म्हणून वाचलं होतं. वडील रात्रीच्या गाडीनं बंगळूरला आले, दोन दिवस माझ्या खोलीत बसून राहिले, फार काही बोलले नाहीत. गाइडनी मध्ये पडून प्रकरण मिटवलं. चूक मात्र पुढं सात महिने तशीच उघडी होती, आणि मला नोटिशीपेक्षा त्याचा राग जास्त होता. अजून आहे.

करिअरचं विचारलंस. चूक सापडायला तुला एक मिनिट लागलं. संशोधन त्याच्या पुढं सुरू होतं : हीच चूक इतक्या ठिकाणी का राहते, किती ठिकाणी आहे, आणि कुणाचीही पावती न उघडता ते मोजायचं कसं? माझे आजोबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, त्यांनी मला लहानपणी दाखवली होती. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा जीव घेते. आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर माणसानं वरच थांबायचं. आमच्या कामातला कंदील म्हणजे आपलीच दोन खाती. एक स्वतःचं, एक आईचं, तिला विचारून. एका खात्यातून दुसऱ्याची पावती मागायची. उघडली तर चूक आहे, आणि तिसऱ्या कुणाला धक्काही लागलेला नाही. तुला शेवटचा आकडा बदलून बघावासा वाटला, ही खोड या कामाला लागतेच. पावती उघडल्यावर तू मला पत्र लिहिलंस, ती खोडही जप.

मॅडम, विट्यात माझे यंत्रमाग आहेत. मुलगी एम. टेक. करते. कंपनीची नोकरी हातात असताना सायबर सुरक्षेत पीएच. डी. करायची म्हणते. पाच-सहा वर्षं खायचं काय आणि पुढं मिळतं काय, हे स्पष्ट सांगा. (विटा)

स्पष्टच सांगते. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी सरकारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,०००, घरभाडं वेगळं. पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर सुरुवातच ७०,००० नं होते, पण ती मोजक्यांनाच मिळते. म्हणजे तुमच्याकडे मागायची वेळ येणार नाही. मात्र बरोबरीच्या मैत्रिणी कंपनीत कुठल्या कुठं जातील आणि ते तिला रोज दिसेल. मलाही दिसायचं. माझा पहिला पेपर तीनदा परत आला होता, त्या वर्षी मैत्रिणीनं कोथरूडला फ्लॅट घेतला.

पुढं आयआयटी, आयआयएससी, सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था, बँका, कंपन्यांच्या संशोधन शाळा, सरकारी यंत्रणा, सगळीकडे माणसं लागतात. आपल्याकडच्या सहकारी बँकांना तर फारच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणारी यंत्रणाच बाजूला सारून आपली खोटी उभी केली होती. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सुरक्षेचे नियम आणले. ते पाळायला आणि पाळले जातात का हे तपासायला जाणकार माणूस लागतो.

तुम्ही एकच गोष्ट करा. मुलगी ज्या गाइडकडे जाणार, त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना तिला फोन करायला लावा. जुना माग घेताना आधीच्या मालकाला चार गोष्टी विचारता ना, तसंच. संस्थेच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवानं म्हणते.

मी आशा सेविका आहे. घरोघरी जाऊन बायकांची माहिती मोबाइलमध्ये भरते. बाळंतपण, पाळी, टीबी, पोट पाडलेलं, सगळं. परवा वरून निरोप आला की अभ्यासासाठी तक्ता हवा आहे, नावं काढून पाठवा. मी काढली. पण रात्री झोप लागेना. नाव काढलं म्हणजे झालं का हो ताई? (गाव दिलेलं नाही)

बाई, तुमची झोप उडाली ते बरोबरच झालं. नाव काढून भागत नाही.

तुमच्या गावाचं नाव मी का काढलं ते आधी सांगते. गाव लहान आहे, आशा सेविका तुम्ही एकट्या. ‘आशा सेविका, अमुक गाव’ असं छापलं असतं तर नावाची गरजच उरली नसती. तक्त्याचंही तसंच आहे. गाव, जन्मतारीख आणि बाई, एवढं असलं की शेजारीण बोट ठेवून सांगेल की ही कोण.

हे सिद्ध झालं ते अमेरिकेत, नव्वदच्या दशकात. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. ओळख पटणार नाही, असा तिथले गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी भरवसा दिला होता. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी २० डॉलर भरून केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नरच्याच जन्मतारखेचे शहरात सहा जण निघाले. त्यातले पुरुष तीन. त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. गव्हर्नरचे आजार आणि औषधं स्वीनींच्या हातात आली, आणि त्यांनी ती गव्हर्नरच्याच कार्यालयात पाठवून दिली. पुढं त्यांनी हिशेब मांडला, की पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येऊ शकतात. याच स्वीनीबाई नंतर हार्वर्डला प्राध्यापक झाल्या आणि २०१४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या मुख्य तंत्रज्ञ. बंगळूरच्या वाचनालयात वेल्ड यांची ही हकीकत वाचली त्या दिवशी मी जेवायला उठले नव्हते.

तुम्ही करायचं ते असं. तक्ता गेलाच असेल तर वरिष्ठांना लेखी विचारा, की तो कुणाकडे गेला आणि किती दिवस ठेवणार. पुढच्या वेळी जन्मतारखेऐवजी २० ते २९, ३० ते ३९ असे वयाचे गट द्या. गावाऐवजी तालुका लिहा. एका ओळीसारख्या निदान दहा ओळी तक्त्यात असाव्यात, म्हणजे एकटी बाई वेगळी पडत नाही. स्वीनी यांनी काढलेली युक्ती हीच आहे, त्यांनी तिचं गणित बांधून दिलं. तरीही पोट पाडलेल्या दोनच बायका असतील, तर ती नोंद तक्त्यातून पूर्ण काढा. त्यानं अभ्यास थोडा कच्चा राहील. राहू दे.

वरून कुणी बोललंच, तर हे पान दाखवा. आणि ज्या बायका तुम्हाला माजघरात बसवून हे सांगतात, त्या मोबाइलला सांगत नसतात, तुम्हाला सांगतात. म्हणून तुमचा हा प्रश्न मला विद्यापीठातल्या प्रश्नांपेक्षा मोलाचा वाटतो.

मी कराडचा, एलएल. बी. केलं आहे. गणिताशी माझं कधी जमलं नाही. गोपनीयतेच्या धोरणात मला शिरता येईल का? धोरण म्हणजे तुम्ही नक्की करता काय? (कराड)

येईल. मी धोरणाकडे कशी वळले ते सांगते, त्यात उत्तर येईल.

२०१९ पर्यंत माझं काम गणिताचंच होतं : कूटलेखन, म्हणजे परक्याला वाचता येऊ नये अशी माहिती बांधायचं शास्त्र, त्याच्या किल्ल्या, त्यांचे पुरावे. त्या ऑगस्टमध्ये सांगली बुडाली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर. गावभागातल्या आमच्या घरात माडीच्या चौथ्या पायरीपर्यंत आलं होतं. पाणी ओसरल्यावर मी आईबाबांच्या घरातला गाळ काढायला आले. एका कार्यालयाबाहेर मदत मिळणाऱ्यांची यादी भिंतीला चिकटवलेली होती. नाव, पत्ता, बँक खाते, आणि आधारचे बाराच्या बारा आकडे. लोक मोबाइलनं फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकत होते, मदत आली की नाही ते एकमेकांना कळावं म्हणून. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. आधार क्रमांक असा जाहीर लावायला २०१६ च्या आधार कायद्यात मनाई आहे. हे मी आतल्या कर्मचाऱ्याला सांगितलं. तो चार रात्री झोपलेला नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं, खणातून एक मार्कर काढला आणि माझ्या हातात दिला. आम्ही दोघं भिंतीशी उभे राहून प्रत्येक ओळीतले पहिले आठ आकडे काळे करत गेलो. ओल्या भिंतीवर शाई धरत नव्हती. तीन मार्कर संपले. आठवड्याभरात शेजारच्या काकूंना फोन आला : ‘पुराचं अनुदान जमा करायचंय, ओटीपी सांगा.’ फोनवरच्या माणसाला त्यांचा खाते क्रमांक पाठ होता. त्यामुळं त्यांना तो सरकारी वाटला. ४८,००० गेले.

(असं झालं तर आता आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, मग बँकेला कळवा, मग रडा. पहिला तास मोलाचा असतो.)

काकूंना घरात सगळे ‘ओटीपी दिलाच कसा’ म्हणून बोलले. मी इतकी वर्षं डिजिटल सही आणि किल्ल्यांची गणितं सोडवत होते आणि त्यातलं एकही त्यांच्या कामाचं नव्हतं. यादीत काय छापायचं, काय नाही, हे त्या तक्त्याचा नमुना करणाऱ्यानं ठरवायला हवं होतं. ते ठरवायला लावणं म्हणजे धोरण.

तुमच्यासाठी आज काळ चांगला आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींचा तो खटला. तो निकाल मुळातून वाचा, सारांशावर राहू नका. मग २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम. बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सरकारला त्यात दिलेल्या सवलती मला फार सैल वाटतात, आणि वकिलांनी त्यावर भांडायला हवं.

त्या कायद्यात आपल्या कामाची एक तरतूद आहे. माहिती घेण्याआधी द्यायची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येते, म्हणजे मराठीतही. आता ती मराठी कशी असते? आम्ही अशा सूचना छापून मार्केट यार्डात लोकांना वाचायला दिल्या. ‘आपली माहिती तृतीय पक्षास दिली जाऊ शकते’ हे वाचून कवठ्याचे एक शेतकरी गंभीरपणे म्हणाले, ‘आम्ही कुठल्याच पक्षात नाही बाई.’ त्यांनी अंगठा केला असता तर कागदावर ती संमतीच दिसली असती. ‘दुसऱ्या कंपनीला’ असं लिहिल्यावर त्यांनी लगेच विचारलं, ‘कुठल्या?’ तो प्रश्न त्यांना सुचावा, यासाठी सहा महिने सूचनांची वाक्यं बदलत होतो. गणित लागलं ते टक्केवारीपुरतं.

कार्नेगी मेलनच्या लॉरी क्रेनर यांनी ॲलेशा मॅकडोनाल्ड यांच्याबरोबर २००८ मध्ये हिशेब केला होता : माणसानं भेट दिलेल्या प्रत्येक साइटचं गोपनीयता धोरण वाचायचं म्हटलं, तर वर्षाला सुमारे २०० तास जातील. म्हणजे कुणी वाचणार नाही, हे धरूनच कायदा लिहायला हवा. कोणतं वाक्य कुणाला कळतं, हे तुम्ही कराडच्या स्टँडवर बसूनही तपासू शकता. संगणकाचं तेवढं एक करा : ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते दोन महिने एखाद्या इंजिनिअर मित्राकडून शिका. नाहीतर कंपनीचा माणूस सांगेल ते खरं मानावं लागेल.

मी निवृत्त शिक्षक. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मग गोपनीयतेचं एवढं कशाला? (मिरज)

सर, आपलं पत्र पाच पानी आहे. तिसऱ्या पानावर आपण पेन्शनची बँक, सौभाग्यवतींचा आजार आणि थोरल्या चिरंजीवांबद्दल लिहिलंत, आणि समासात तांबड्या शाईनं ‘हा मजकूर कृपया छापू नये’ असं दोनदा अधोरेखित केलंत. छापला नाही. कार्यालयात कुणाला दाखवलाही नाही. पत्र मूळ पाकिटात घालून रजिस्टरनं परत पाठवलं आहे. मिळालं की एक कार्ड टाका.